कुंभार्ली घाटात भेटलेल्या मामांना

मामा, नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहिलं, नंबर घ्यायचा पण राहिला, म्हणून हे असं सगळ्यांसमोरच लिहितोय, कोणीतरी दाखवेल तुम्हाला. मे महिन्यात चिपळूणहून कराडला जाताना घाटात बोनेट उघडून उभी असलेली पांढरी सात सीटर डिझेल, आत आई आणि दोन पोरं, आणि फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघालेला शहाणा, तो मी. तुम्ही स्कूटरवरूनच ओरडलात, "हात काढ आधी, तोंड भाजून घेशील!" तिथेच पहिले आभार.

खरं सांगायचं तर गाडी आधीपासूनच तापत होती. आमच्याकडच्या एका गॅरेजवाल्याने सांगितलेलं की क्लचचा पंखा (रेडिएटरमागचा, इंजिनावर फिरणारा; हा क्लच पंख्याचा, गिअरचा नव्हे) म्हणजे जुना जमाना, काढून टाका, इलेक्ट्रिक बसवू, आणि मी अ‍ॅडव्हान्स द्यायच्या बेतात होतो. हायवेला टेंपरेचरचा काटा जागचा हलायचा नाही म्हणून मी पण निवांत, आता कळतंय की तिथे समोरून वाराच एवढा लागतो की पंख्याची गरजच पडत नाही.

तुम्ही अर्धा तास काही केलंच नाही, नुसतं थांबलात. मग एका बोटाने पंख्याला टिचकी मारलीत आणि तो चार-पाच गरके मस्त फिरला, मला वाटलं वा, किती स्मूथ! तुम्ही म्हणालात, "हेच तर दुखणं आहे, गरम असताना हाताला जड लागला पाहिजे." क्लचवरून बोट फिरवून तो काळा चिकट थर दाखवलात, सिलिकॉन ऑइल गळून त्यावर धूळ बसलेली. पुढची ती दोन धातूंची पट्टी, रेडिएटरमधून गरम हवा आली की ती वळते, आतला व्हॉल्व्ह उघडतो, तेल पुढे सरकतं आणि त्या घट्ट तेलामुळे पंखा इंजिनाबरोबर ओढला जातो. तेलच नाही तर ओढणार कोण! इतकी वर्षं गाडी चालवतोय, हे कोणी सांगितलं नव्हतं.

इलेक्ट्रिकचं विचारलं तेव्हा तुम्ही त्याला नावं ठेवली नाहीत हे मला फार आवडलं. बोनेटमध्ये इंजिन आडवं बसवलेल्या छोट्या गाड्यांना तोच लागतो, आणि ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलला असलं तरी तो फुल फिरतो, हे तुम्हीच सांगितलंत (रोज सिग्नलला उभं राहणाऱ्या मला ते अजूनही पटतं). पण माझ्या गाडीला पुरेल एवढा पंखा म्हणजे २०-३० अँपिअर खेचणार, मग रिले (जास्त करंटचा स्विच), जाड वायर, वर जुना ऑल्टरनेटर, म्हणजे गाडीची वीज बनवणारा, त्याला झेपेल का ते बघा. आणि घाटात खालच्या गिअरला इंजिन ओरडत असताना हा क्लचवाला आपोआपच जोरात फिरतो, फक्त क्लच धड पाहिजे.

मग दोन बोल्ट टाकून तुम्ही तो क्लच जाम केलात, म्हणजे पंखा सतत इंजिनाबरोबरच फिरेल, आणि इंजिनाची उष्णता बाहेर काढायला हीटर फुल चालू ठेवायला लावलात, मे महिन्यात! आई अजून त्यावरून बोलते. गाडीचा आवाज विमानासारखा येत होता, पण काटा मध्यावर राहिला तो थेट कराडपर्यंत. "फार रेस करू नको आणि आठवड्यात नवीन क्लच टाक, आणलास की आडवा ठेवू नको, तेल गळेल," हे पण लक्षात ठेवलं. नवीन टाकलाय, नटाचे आटे उलटे होते ते तुम्ही सांगितलं नसतं तर मी तो तोडलाच असता.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहा पण अर्धाच प्यायलात. आणि मामा, तुमचा १० नंबरचा पाना माझ्याच गाडीत राहिलाय, सीटखाली सापडला. गणपतीला येतोय, तेव्हा घेऊन येतो.