निम्मा पैसा

प्रिय नंदू,

तुझी दोन पत्रं उत्तराविना पडली आहेत, रागावला असशील. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच. आज लिहितोय कारण हे दुसऱ्या कुणाशी बोलता येत नाही.

कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेसचं, त्या अमेरिकन मदतसंस्थेचं, वाचलंस ना? २० जानेवारी २०२५ला वॉशिंग्टनहून परदेशी मदत ९० दिवस थांबवण्याचा आदेश निघाला. संस्थेचा जवळपास निम्मा पैसा सरकारकडून येणारा! बाल्टिमोरच्या मुख्य कचेरीत नोकरकपात सुरू झाली. तू म्हणायचास, सरकारी धान्य वाटणाऱ्याच्या नाकात सरकारचीच वेसण. थेल्मामावशीच्या ओट्यावर त्यावरून केवढे भांडलो होतो! तिने दिवा मालवला तरी तू अंधारात हातवारे करत होतास.

तरी मला अजून तुझं पटत नाही. १९४३ साली अमेरिकन बिशपांनी ही संस्था काढली ती युद्धाने देशोधडीला लागलेल्यांसाठी. रशियातून इराणमार्गे निघालेल्या पोलिश लोकांपैकी काही कोल्हापूरजवळ वळिवड्याला आले, काही मेक्सिकोला गेले. मेक्सिकोतल्यांना संस्थेने सांभाळलं. कुणाला धर्म विचारून ताट वाढायचं नाही, ही रीत आजही आहे. पण इथिओपियातल्या दुष्काळात गहू, डाळ, तेल लाखो घरी पोचवायचं तर जहाजं लागतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आम्ही पोरांना पुठ्ठ्याचे 'राइस बोल' डबे देतो. १९७५ साली अमेरिकेतल्या ॲलनटाउनला सुरू झालेली ही चाल. त्यातले तीन वाटे परदेशी जातात, एक धर्मप्रांतात राहतो. पोरं मनापासून नाणी टाकतात रे, पण त्या नाण्यांनी जहाज कसं भरणार?

झोप उडते ती नाव नोंदवलेल्या घरांच्या विचाराने. धान्य येणार असं गावात जाऊन सांगितलं, ते आमच्याच माणसांनी. गावातली बाई वॉशिंग्टनला ओळखत नाही, यादी करायला आलेल्या पोराला ओळखते. उद्या पैसा परत आला तरी त्या पोराने तिच्या दारात कोणत्या तोंडाने उभं राहायचं? आणि आमच्या चर्चमध्ये काही जण म्हणतात, बरं झालं, आता आपल्यापुरतं करू. ऐकून जीव तळमळतो.

तू आयुष्यभर हिशेब तपासलेस, म्हणून विचारतो. उरलेल्या निम्म्यात आधी काय वाचवायचं? आजचं धान्य, की पुढच्या पेरणीचं बियाणं? मी धान्य म्हणतो. तू बियाणं म्हणशील, मला माहीत आहे. कारणं मात्र सविस्तर लिही, मी ती फादरांच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकटीच्या निकालाचं कळव.

तुझा,
बाळू