पप्पा, आई, रागावू नका

प्रिय पप्पा आणि आई, सलाम.

फोनवरच सांगणार होते, पण पप्पा तुम्ही विषय नको असला की फोन आईकडे देऊन टाकता, म्हणून लिहितेय. नोकरी सोडली. सोडणार आहे असं नाही, सोडलीच, शुक्रवारी शेवटचा दिवस झाला. आता टी-शर्ट आणि क्रूसाची लॉकेटं करून विकायची, हेच काम.

तुमच्या औषधांचे पैसे पाच तारखेला येतील, नेहमीसारखे. पीएफला हात लावलेला नाही, सहा महिन्यांचं भाडं बाजूला काढलंय, डबा लावलाय, जेवते. चर्चचा दशांश, कमाईचा दहावा भाग, आधी काढते. रविवारी ऑर्डर घेत नाही, लोक चिडतात, चिडू देत.

पप्पा, तुमचं बायबलमधलं १ पेत्र ३:३ मला पाठ आहे, सोन्याचे दागिने नकोत वगैरे. मग आईच्या काळ्या मण्यांत क्रूस कोणी ओवून आणला? तेच डिझाइन मी पहिलं केलं, ९२.५ चांदीत, रविवार पेठेतल्या कारागिराकडून, आणि तेच सगळ्यात जास्त जातंय. आणि बायबलमधलीच लुदिया? प्रेषितांची कृत्ये १६, जांभळी वस्त्रं विकायची, बाप्तिस्मा घेतल्यावर तिने धंदा बंद केला असं कुठे लिहिलंय? प्रेषित पौलाला आग्रहाने घरी ठेवून घेतलं तिने. पौल स्वतः तंबू शिवायचा. आणि आजी केडगावची, मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी बायकांच्या हाताला कामच दिलं ना, शिवण, विणकाम, छापखानासुद्धा. बरं, जास्त बोलत नाही, तुम्ही म्हणाल वकील झाली.

आई, तू मात्र विचारलंस, बायबलचं वचन छापलेला टी-शर्ट जुना झाला की त्याचं फडकं होणार, मग? त्या रात्री झोप नाही लागली मला. तू तर बायबलवर चष्मासुद्धा ठेवू द्यायची नाहीस. म्हणून आता पूर्ण वचन छापतच नाही, खिशाजवळ बोटभर 'स्तोत्र २३' एवढंच, माहीत असेल त्याला कळतं, नसेल तो विचारतो. आणि जुना परत आणला की नव्यावर पन्नास रुपये कमी. छापणारे काका म्हणतात, ताई, असा धंदा होत नसतो.

नाताळच्या आदल्या रात्री तू मशीनवर माझा फ्रॉक शिवायचीस, लाइट गेली की पप्पा कंदील धरून उभे, मी खाली कात्रणांत झोपून जायचे. तो मशीनचा आवाज आला की अजून पेंग येते मला, दुकानातसुद्धा.

आता ऐका. पप्पा, शुगरची गोळी वेळेवर, रिपोर्टचा फोटो आजच पाठवा, उद्या नाही. नाताळचा स्टार लावायला स्टुलावर चढायचं नाही, मी येतेय, मी लावेन. आई, गुडघ्याला तेल लाव आणि पायऱ्या कमी कर.

परत आलेले टी-शर्ट अजून तीनच आहेत, घडी करून ठेवलेत. अजून जमले की गोधडी शिवशील का? फक्त ते खिशाजवळचं पायाखाली येणार नाही असं बघ.

तुमची बेबी