पुकार तीन रविवार, कर्ज वीस महिने

महोदय,

नाताळ आला की सदरमधल्या कॅथेड्रलच्या रोषणाईचे फोटो वर्तमानपत्रांत झळकतात. जरूर झळकावेत. पण त्याच दिवसांत जानेवारीतल्या लग्नासाठी शेकडा पाचने पैसे उचलणारी घरेही आमच्या मंडळ्यांत (एकेका चर्चच्या सभासदांच्या समूहांत) असतात, आणि त्यांचा विषय चर्चच्या आवारात निघत नाही. अडचणीत विश्वास टिकवण्यावर प्रवचने पुष्कळ होतात. हे पत्र हिशेबाच्या वहीबद्दल आहे.

‘शेकडा पाच’ ऐकायला हलके वाटते, कारण तो दर महिन्याचा असतो. वर्षाला ते 60 टक्के होतात. 50,000 रुपये घेतले की महिन्याला 2,500 रुपये नुसते व्याज. वीस महिन्यांत 50,000 भरून होतात आणि मुद्दल जागच्या जागी. तीच रक्कम पतसंस्थेकडून दरसाल 12 टक्क्यांनी, घटत्या शिलकीवर मिळाली तर वीस महिन्यांचा हप्ता साधारण 2,771 रुपये बसतो. महिन्याला 271 रुपये जास्त, पण विसाव्या महिन्यात कर्ज फिटलेले. हे गणित लोकांना कळत नाही असे नाही. पतसंस्था जामीनदार आणि पगारपत्रक मागते. सावकार संध्याकाळी घरी येऊन नोटा मोजून देतो. हातमजुरी करणाऱ्याने पगारपत्रक आणायचे कुठून?

महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्याने विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि परवानाधारकालाही बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांच्या वर घेता येत नाही. तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करायची असते. बायबलचे म्हणणे तर कायद्याच्याही पुढचे आहे: निर्गम 22:25 प्रमाणे गरिबाला उसने देताना त्याच्यावर व्याज चढवायचेच नाही. हे वचन वाचले जाते तेव्हा व्याजाने देणारा कधी कधी पुढच्याच बाकावर बसलेला असतो.

मंडळी दोन ठिकाणी हात घालू शकते. पहिले ठिकाण म्हणजे पुकार. लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावे वाचली जातात. पहिल्या पुकारीपूर्वी पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बाप्तिस्म्याचा दाखला मागतात, वयाचा पुरावा मागतात. त्याच वेळी दोन्ही घरांकडून एका पानावर खर्चाचा अंदाजही मागावा. किती पाहुणे, ताट कितीचे, लॉनचे भाडे किती, यातले उसने किती. आकडे कागदावर उतरले की घरातली माणसे आपोआप थबकतात. 400 ताटे 350 रुपयांनी म्हणजे 1,40,000, शिवाय लॉन आणि सजावट. चर्चच्या हॉलमध्ये सकाळी लग्न लावून 150 जणांना 120 रुपयांचा नाश्ता, केक आणि चहा दिला तर 18,000. मात्र ही वाट फक्त गरिबाला दाखवली तर तिच्यावर गरिबीचा शिक्का बसतो. दोन-तीन सुखवस्तू घरांनी आधी आपली लग्ने हॉलमध्ये लावली तरच ती चालते.

दुसरे ठिकाण मदतनिधी. तो बहुतेक मंडळ्यांत असतो, फक्त हवा तेव्हा हाती येत नाही. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस वाटण्याच्या विधीच्या) रविवारचे दान या निधीसाठी वेगळे ठेवावे. ते उपासनेनंतर तिथेच, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावे, नोटांची फोड वहीत लिहून दोघांनी सही करावी आणि सोमवारी बँकेत भरावे. यात कुणावर अविश्वास नाही. बायबलमध्ये 2 करिंथ 8:20-21 मध्ये प्रेषित पौलानेही गोळा केलेल्या देणगीबाबत कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून सोबत माणसे घेतली होती. निधीची चावी एकट्या पाळकाकडे असली की संकटात तेच सापडतात.

निर्णय तिघांनी घ्यावा, त्यांत किमान एक बाई हवी. घरातले पीठ संपल्याचे घरधनी सहसा सांगत नाही, बाई बाईला सांगते. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये तक्रार आली ती रोजच्या वाटपात विधवांकडे दुर्लक्ष होते म्हणूनच. उत्तर 48 तासांत द्यावे; 5,000 रुपयांपर्यंत दोघांनी फोनवर ठरवले तरी चालावे. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत पेशंट भरती असताना पुढच्या महिन्याच्या मीटिंगची वाट पाहायला सांगणे म्हणजे याकोब 2:16 मधले, हाती काही न देता नुसते म्हटलेले ‘सुखाने जा, ऊब घ्या’च झाले. धर्मादाय खासगी रुग्णालयांत कायद्याने 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बरोबर घेऊन नातेवाइकांसोबत काउंटरवर उभे राहणारा एक माणूस मंडळीने नेमला तर तो पैशांपेक्षा जास्त कामाचा.

निधी बुडतो तो मुख्यतः एका चुकीने: दिले ते दान की कर्ज, हेच ठरलेले नसते. घेणारा ‘परत करीन’ म्हणतो, देणारे मान हलवतात, वहीत काहीच लिहिले जात नाही. सहा महिन्यांनी तो माणूस चर्चला येणे बंद करतो, कारण खजिनदार दारातच उभे असतात. पैसे देतानाच लिहा. दान असेल तर तसे स्पष्ट सांगा. कर्ज असेल तर बिनव्याजी द्या, हप्ता ठरवा आणि दोन हप्ते चुकले की कोण घरी जाऊन विचारणार तेही ठरवा. जामीन राहण्याची पाळी आली तर जामीन राहणाऱ्याला सावध करणारे नीतिसूत्रे 6:1 आठवावे. ज्यांना ती रक्कम स्वतः भरणे झेपेल त्यांनीच सही करावी, पाळकाने करू नये.

नावे वहीत क्रमांकाने लिहावीत, खरी यादी ऑडिटरने पाहावी. व्यासपीठावरून ‘अमक्या कुटुंबाला मदत दिली’ म्हणणे आणि धान्याच्या पिशवीसोबत फोटो काढणे, दोन्ही बंद व्हावे. दानाच्या रकमा नावानिशी नोटीस बोर्डावर लावण्याचेही तेच. मार्क 12 मधल्या गरीब विधवेने दानात टाकलेल्या दोन टोल्यांवर (अगदी कमी किमतीच्या नाण्यांवर) दरवर्षी प्रवचन होते. त्याच्या आधीच्याच ओळीत विधवांची घरे गिळणाऱ्यांचा उल्लेख आहे, तिथे मात्र कुणी थांबत नाही.

ज्यांना हे आपल्या मंडळीत आणायचे असेल त्यांनी सूचना लेखी, अनुमोदकाच्या सहीसह, वार्षिक सभेची विषयपत्रिका निघण्याआधी द्यावी. ‘आयत्या वेळचे विषय’ पुकारले जाईपर्यंत लोक चहाला उठलेले असतात.

आपले,
मंडळीच्या हिशेबाचे काम पाहणारे काही सभासद
सदर, नागपूर