न्यू जर्सीच्या काकूंना, ब्रिटनच्या मराठी मंडळींकडून

ती. काकू,
सप्रेम नमस्कार.

ब्रिटनहून अमेरिकेला निघालेल्या मराठी घरांत अमेरिकेतल्या रोजच्या व्यवहारांबद्दलचं तुमचं टिपण आता बॅगा भरण्याआधी वाचलं जातं. त्याबद्दल मनापासून आभार. इंग्रजी येतं म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि नेमका तिथेच फसतो, हे तुम्ही ओळखलंत.

पहिल्याच ओळीत तुम्ही पासपोर्ट बघायला लावता. ब्रिटिश पासपोर्टवर ९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला एस्टा (व्हिसाऐवजी आधी काढायची प्रवासाची परवानगी) चालतो. पण पासपोर्ट भारतीय असेल, तर ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा परवाना असूनही व्हिसाच लागतो. एका घरात दोन पासपोर्ट असले की ही ओळ फार उपयोगी पडते.

टिपेबद्दल तर तुम्ही कारणासकट लिहिलंत. केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या वेटरला मालकानं तासाला निदान २.१३ डॉलर द्यायचे; १९९१ पासून हा आकडा हललेला नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत पूर्ण किमान वेतन मिळतं, तरी टिपेची रीत तीच. ब्रिटनमध्ये किमान वेतनात टिप धरता येत नाही, म्हणून तिथली सवय अमेरिकेत अपुरी पडते. १८ ते २० टक्के धरून चालावं. वेटर कार्ड आत नेतो आणि दोन पावत्या आणतो. रकमेखाली टिपेची रिकामी ओळ, तिच्याखाली टोटलची. दोन्ही भरायच्या, सही करायची, हॉटेलची प्रत टेबलावर ठेवायची. बँकेच्या मेसेजमध्ये आधी टिपेविना रक्कम दिसते, पक्की मागाहून येते. मोठ्या ग्रुपच्या बिलात ‘ग्रॅच्युइटी’ (म्हणजे टिपच) आधीच लावलेली असू शकते. ती न बघता टिप लिहिली तर दुप्पट जाते.

दुकानातल्या किमतीत कर धरलेला नसतो. न्यूयॉर्क शहरात ८.८७५ टक्के काउंटरवर वाढतात, ओरेगॉन राज्यात काहीच नाही.

चहाचं कोडंही तुम्हीच सोडवलंत! ब्रिटनची किटली २३० व्होल्टवर ३००० वॅट ओढते. तीच १२० व्होल्टला लावली की जेमतेम ८०० वॅट. दोन मिनिटांत उकळणारं लिटरभर पाणी सात-आठ मिनिटं घेतं. ॲडॉप्टरनं फक्त पिन बदलते, व्होल्टेज नाही. किटली घरीच ठेवावी.

गाडीबद्दल दोन गोष्टी कधीच विसरू नयेत अशा. चारही बाजूंना ‘स्टॉप’ असलेल्या चौकात जो आधी येऊन थांबला तो आधी जातो. एकदमच आले तर उजवीकडच्याला वाट द्यायची. आणि शाळेच्या पिवळ्या बसचे लाल दिवे लुकलुकले की मधे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. ब्रिटनमध्ये असा नियम नाही, त्यामुळे अमेरिकेत हात सवयीनं गाडी पुढे काढतो.

आता टिपणात एक ओळ आमच्याकडून घाला. न्यू जर्सीत १९४९ पासून स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे, म्हणून ती तुमच्या ध्यानात आली नसावी. ब्रिटनमध्ये हिरवं हँडल पेट्रोलचं असतं. अमेरिकेत बहुतेक पंपांवर ते डिझेलचं असतं. रंग न बघता अक्षरं वाचावीत. नोझल आत जात नसेल तर रेटू नये. पंपानं झिप कोड (अमेरिकेतला पिनकोड) मागून परदेशी कार्ड नाकारलं, तर आत जाऊन पंपाचा नंबर सांगावा आणि आधी पैसे भरावेत.

तुमचीच,
ब्रिटनमधली मराठी मंडळी