हुर्रेम ‘राणी’ नव्हती, हसेकी होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील हुर्रेम सुलतानवरचा लेख वाचला. एका दासीने भुरळ घालून सोळाव्या शतकातल्या उस्मानी (ऑटोमन) सुलतान सुलेमानला आणि पर्यायाने साम्राज्याला मुठीत घेतले, असा त्याचा सूर आहे. भुरळ घालणाऱ्या बायकांची उस्मानी जनानखान्यात वाण नव्हती. रोजची २,००० अक्चे (चांदीची नाणी) नेमणूक, स्वतःच्या नावचे वक्फ (कायमची धर्मादाय देणगी) आणि सुलतानाशी रीतसर निकाह हे सगळे मात्र हुर्रेमच्या आधी कोणत्याही दासीला मिळाले नव्हते. त्यामागे कायदा होता आणि रोकडा हिशेब होता. लेखात नेमके तेच नाही.

आधी पदव्यांचे. लेखात ‘राणी’ या अर्थाने आलेला ‘सुलताना’ हा शब्द उस्मानी दरबाराचा नव्हे. ‘सुलतान’ ही पदवी स्त्री-पुरुष दोघांनाही लागे, फरक फक्त जागेचा. राजपुत्राच्या नावाआधी (सुलतान सलीम), राजघराण्यातील स्त्रीच्या नावानंतर (मिहरिमाह सुलतान). ‘वालिदे सुलतान’ म्हणजे गादीवर असलेल्या सुलतानाची आई. हुर्रेम १५ एप्रिल १५५८ रोजी वारली आणि तिचा मुलगा सलीम तख्तावर बसला १५६६ मध्ये. म्हणजे ती वालिदे कधी झालीच नाही. तिची पदवी हसेकी, सुलतानाची खास अशी.

तिचे दासी असणे लेखात नवलाचे म्हणून आले आहे. त्या काळात तो नियमच होता. सुलतानांनी लग्ने करणे जवळपास सोडून दिले होते, वंश दासींपासून चाले. खुद्द सुलेमानची आई हाफ्सा दासीच होती. आपल्याकडे जो लेकावळा म्हणून वारशातून बाजूला पडला असता, तो तिथे बापाने मान्य केला की औरस मुलाच्या बरोबरीचा. हनफी कायद्यात, म्हणजे तिथे चालणाऱ्या इस्लामी कायद्याच्या शाखेत, अशा मुलाच्या आईला पुढे विकता येत नाही आणि मालक वारला की ती आपोआप मुक्त होते.

खरा मोडलेला रिवाज वेगळाच. एका दासीला एक मुलगा झाला की तिची सुलतानाच्या शेजेची पाळी संपायची. मुलगा मोठा होऊन प्रांताचा कारभार बघायला निघाला की आई त्याच्याबरोबर जायची आणि त्याचे घर चालवायची. सुलेमानची आधीची दासी माहिदेवरान अशीच आपला मुलगा मुस्तफा याच्याबरोबर १५३३ मध्ये मनिसा प्रांतात गेली. यामागचा हिशेब कठोर होता. गादी एकालाच मिळणार आणि हरलेल्या भावांचा जीव जाणार, म्हणून प्रत्येक राजपुत्रामागे त्याची स्वतःची आई उभी. हुर्रेमला १५२१ मध्ये मेहमेद झाला, १५२२ मध्ये मिहरिमाह ही मुलगी, पुढे सलीम (१५२४), बायझीद (१५२५) आणि जिहांगीर (१५३१). एक मुलगा लहानपणीच गेला. तिने कोणत्या मुलाबरोबर जायचे? ती इस्तंबूलमध्येच राहिली. माहिदेवरानला एकट्या मुस्तफाची काळजी; हुर्रेमचा कोणताही मुलगा जिंकला तरी तिचाच दुसरा मुलगा मरणार होता. तसेच झाले. तिच्या मृत्यूनंतर साधारण वर्षभराने, १५५९ मध्ये, सलीम आणि बायझीद कोन्याजवळ एकमेकांवर चालून गेले. बायझीद हरून इराणला पळाला आणि १५६१ मध्ये तिथेच मारला गेला. १५५३ मध्ये एरेयलीच्या छावणीत मुस्तफाचा गळा आवळला गेला, त्याचे सगळे खापर ‘कपटी सावत्र आई’वर फोडताना हा रिवाज डोळ्याआड करून चालत नाही. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

निकाहाबद्दलही थोडे. मालकाला स्वतःच्या दासीशी निकाह लावता येत नाही, आधी तिला मुक्त करावे लागते. १५३३-३४ च्या सुमाराचा हा निकाह म्हणूनच नुसता प्रेमाचा मामला नाही. गुलामाला मालमत्ता धरता येत नाही. मुक्त स्त्रीला येते, आणि मालमत्ता असेल तरच वक्फ करता येतो.

त्याची पद्धत अशी. जमीन मुळात सरकारी. सुलतान तिची मालकी लेखी फर्मानाने हसेकीला देतो. मग ती काजीपुढे तीच जमीन वक्फ करते, मुतवल्ली म्हणजे व्यवस्थापक नेमते, उत्पन्नाची गावे, गिरण्या, दुकाने एकेक नोंदवते. त्यानंतर एक लुटुपुटीचा दावा होतो. देणगीदार ‘मला दान परत घ्यायचे आहे’ म्हणतो, मुतवल्ली नकार देतो, आणि वक्फ मागे घेता येत नाही असा निकाल काजी देतो. नाटक वाटेल, पण उद्या कोणा वारसाने उकरून काढू नये म्हणून निकाल आधीच कागदावर आणायची ही युक्ती.

या मार्गाने काय उभे राहिले ते पाहा. इस्तंबूलमध्ये अवरतपझारी म्हणजे बायकांच्या बाजाराच्या वस्तीत सिनान या वास्तुकाराने १५३८-३९ मध्ये तिची मशीद बांधली, पाठोपाठ मदरसा, अन्नछत्र आणि रुग्णालय आले. त्या भागाला आजही हसेकी म्हणतात. अयासोफ्या मशिदीसमोरचा हमाम म्हणजे सार्वजनिक स्नानगृह (१५५६-५७) हाही सिनानचाच. पुरुषांचा आणि बायकांचा भाग एका सरळ रेषेत पाठीला पाठ लावून, एकूण लांबी सुमारे ७५ मीटर. जेरुसलेमचे अन्नछत्र १५५० च्या दशकातले. त्याचा वक्फनामा वाचताना पंगतीचा विचार किती बारकाईने झाला होता ते दिसते. रोज ४०० गरिबांची सोय. सकाळी तांदळाचे सूप, संध्याकाळी गव्हाचे, त्यात हरभरे आणि कांदा. शुक्रवारी आणि सणाला मटण घातलेला भात, वर केशर-मधाचा गोड भात, म्हणजे झेर्दे. आधी नोकर जेवणार, मग सराईतले मुक्कामी, शेवटी गरीब. नोकराला ओगराळ्याने सूप आणि दोन पाव, गरिबाला एकच पाव. अडचण यायची ती पुरवठ्याची. धान्य रामला-लोदच्या बाजूच्या गावांतून यायचे. वसूल थकला किंवा शेतकऱ्यांनी द्यायला नकार दिला की इकडे चुलीवरचे पातेले अर्धे. हसेकीच्या पदाचा कस अशा हिशेबात लागतो.

पुढच्या पिढीतला एक आकडा बोलका आहे. सलीमची हसेकी नूरबानू रोज १,००० अक्चे घेत असे आणि त्याच्या इतर पुत्रवती दासी फक्त ४०. हुर्रेमसाठी केलेला अपवाद तोवर पद होऊन बसला होता.

शेवटी चित्रांचे. लेखातला तांबूस केसांचा, शिरोभूषण घातलेला चेहरा युरोपीय चित्रकाराच्या कल्पनेतला आहे. तिला समोर बसवून एकानेही चित्र काढलेले नाही. ‘हुर्रेमचे दालन’ म्हणून दिलेला तोपकापी राजवाड्याचा फोटोही तपासून घ्यावा. तिथला आजचा जनानखाना बराचसा १६६५ च्या आगीनंतर, तिच्या मृत्यूच्या शंभर वर्षांनंतर, नव्याने बांधलेला आहे. जुना राजवाडा, जिथे ती आधी राहिली, तो बायझीद चौकाशेजारी होता. त्या जागेवर आता इस्तंबूल विद्यापीठ आहे. फोटो द्यायचाच असेल तर सुलेमानिये मशिदीच्या आवारातल्या तिच्या कबरीचा द्यावा. आतल्या भिंतींवर इझनिक गावच्या रंगीत फरशा आहेत, आणि सुलेमानची कबर शेजारीच स्वतंत्र इमारतीत आहे.

– एक वाचक, पुणे