तालुक्याची बातमी आम्हाला सांगू द्या

माननीय माहिती व प्रसारण मंत्री, भारत सरकार, यांस,

सादर नमस्कार.

दुष्काळी पट्ट्यातल्या एका सामुदायिक रेडिओवर मी संध्याकाळचा गप्पांचा कार्यक्रम घेते. ट्रान्समीटर 100 वॅटचा, आवाज जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर जातो. तेवढ्या टापूतली माणसं फोन करतात, आपल्या बोलीत बोलतात. लंपीच्या साथीत जनावरांच्या डॉक्टरांना आम्ही स्टुडिओत बसवलं होतं. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांची शाळा, जत्रेतल्या कुस्त्या, जात्यावरच्या ओव्या, सगळ्याला इथं जागा आहे.

अडचण एका नियमाची आहे. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम करायला बंदी आहे. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा किंवा स्थानिक भाषेत अनुवाद करून लावता येतात. हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी-विजेच्या सूचना बातमीत धरत नाहीत, म्हणून त्या चालतात. म्हणजे टँकर उद्या कुठल्या वाडीवर येणार हे मी सांगू शकते. तो का आला नाही, हे सरपंच आणि ग्रामसेवकांना माईकसमोर बसवून विचारायचं म्हटलं, की आमची परवानगी धोक्यात येईल का, ही धास्ती सुरू होते.

गेल्या उन्हाळ्यात एका बाईंनी फोनवर सांगितलं, ‘‘ताई, लॉगबुकात दोन खेपा लिहिल्यात, वाडीवर एकच आली. विचारा की कुणाला तरी.’’ त्यांना तहसीलमध्ये अर्ज द्यायला सांगून पुढचा फोन घ्यावा लागला. त्यांचा प्रश्न एका वाडीचा होता. राज्याच्या बातमीपत्रात तो कधीच येणार नाही आणि यावा अशी अपेक्षाही नाही. त्याची जागा आमच्याच कार्यक्रमात होती.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली सांगितलं. 2006 च्या धोरणानं स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओची दारं उघडली, आणि आज देशात अशी सुमारे 500 केंद्रं आहेत. त्या निर्णयाबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. पण गावाला माईक दिला आणि गावच्या कारभाराबद्दल बोलायला मनाई केली, तर त्या धोरणाचा गाभाच हरवतो. तालुक्याचं साप्ताहिक हीच बातमी छापतं. मोबाइलवरचं स्थानिक चॅनेल ती दिवसभर फिरवतं, खरी असो वा खोटी. वाचता न येणारी, स्मार्टफोन नसलेली म्हातारी माणसं मात्र रेडिओवर विसंबून आहेत, आणि नेमकं त्यांच्याच कानापर्यंत ती पोचत नाही.

सुरक्षेची आणि गैरवापराची काळजी सरकारला वाटते, ती मी हलकी मानत नाही. पण आकाशवाणीची कार्यक्रम आणि जाहिरात संहिता आम्हाला आजही बंधनकारक आहे. प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावं लागतं. कोण काय बोललं, हे कधीही तपासता येतं. अफवांच्या आजच्या दिवसांत इतकी जबाबदारी अंगावर असलेलं दुसरं स्थानिक माध्यम मला तरी दिसत नाही.

खासगी एफएम वाहिन्यांना तासाला दहा मिनिटं बातम्यांची मुभा द्यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणानं 2023 मध्ये केली. शहरांतल्या त्या वाहिन्यांचा विचार होतो आहे, तर आमचाही व्हावा. मागणी मोठी नाही. आपल्या प्रसारणक्षेत्रापुरत्या बातम्या आणि ग्रामपंचायत, शाळा, आरोग्य केंद्र, रेशन, पाणी यांवरची चर्चा आम्हाला करू द्यावी. एकदम सगळीकडे नको असेल तर काही दुष्काळी आणि आदिवासी तालुक्यांत वर्षभर करून पाहावं, आमची ध्वनिमुद्रणं मागवून ऐकावीत आणि मग ठरवावं. चर्चेत काय चालेल, काय नाही, हे स्पष्ट मराठीत लिहून केंद्रांना कळवलं, तरी निम्मी धास्ती जाईल.

टँकरचा हंगाम सुरू होण्याआधी यावर निर्णय व्हावा, ही विनंती.

आपली,
सामुदायिक रेडिओवरची एक निवेदिका