लाखाच्या विक्रीचं गाजर नको

महोदय,
आमच्या तासगाव भागातले बेदाणा उत्पादक आता स्वतःच्या वेबसाइट काढू लागलेत, याचा आनंद आहे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, मालही खणखणीत आहे. पण साइट बनवून देणारे 'पहिल्याच महिन्यात लाखाची विक्री' असं सांगून मोकळे होतात, याचा मनस्वी राग येतो.

हिशोब मांडून बघा. ऑनलाइन दुकानात शंभर जण डोकावले तर साधारण एक-दोघंच विकत घेतात. अर्ध्या किलोचं पाकीट 300 रुपयांना धरलं, तर लाखासाठी 334 ऑर्डरी लागतात. म्हणजे महिन्याला 17 ते 33 हजार भेटी. नव्या साइटवर एवढे लोक येणार कुठून? गुगलवर वर दिसायलाच कित्येक महिने जातात. (कुरिअरचा खर्च तर मी धरलेलाच नाही.)

सुरुवातीला महिन्याला 500 भेटी आणि पाच-दहा ऑर्डरी पुरेत. त्यातल्या किती जणांनी पुन्हा माल मागवला, हे मात्र वहीत लिहाच. लोक गुगलवर काय शोधून आपल्या साइटवर येतात ते दाखवणारं 'गुगल सर्च कन्सोल' हे साधन फुकट आहे. गिऱ्हाईक काळा बेदाणा शोधत आलं की हिरवा, हे त्यात दिसतं. पुढचा आकडा त्यावरून ठरवावा.

जिल्हा उद्योग केंद्राने नवउद्योजकांच्या प्रशिक्षणात हा हिशोब शिकवावा, ही कळकळीची विनंती.

– एक बेदाणा उत्पादक, तासगाव (जि. सांगली)